बरोबर 12.0

आडतीच्या हिशेबाच्या पट्टीवर 24 क्विंटल सोयाबीनला 24 किलो घट, आणि मीटरवर ओलावा बरोबर 12.0. आमच्या प्रोग्राममधला नियम साधा होता: ओलावा 12 च्या वर गेला तरच क्विंटलमागे किलोभर घट. लातूरच्या आडतीवरून फोन आला तेव्हा शेतकरी पट्टी घेऊन काट्यापाशीच थांबला होता.

हिशेबाच्या फाइलवर गिट ब्लेम चालवलं. गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं, अशी एक नोंद म्हणजे कमिट, आणि कोणती ओळ शेवटी कोणत्या कमिटने बदलली ते ब्लेम सांगतं. 1,140 ओळींपैकी जवळजवळ सगळ्या एकाच कमिटच्या नावावर, संदेश ‘फॉरमॅटिंग’. नव्या मुलाच्या एडिटरने ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह एलएफचं सीआरएलएफ केलं, टॅबच्या जागी स्पेस आल्या, एकेरी अवतरणं दुहेरी झाली. त्याच गर्दीत ‘पेक्षा जास्त’ चं ‘तेवढं किंवा जास्त’, म्हणजे ‘>’ चं ‘>=’ झालं. डिफला, म्हणजे बदल दाखवणाऱ्या कमांडला, डॅश-डब्ल्यू लावलं तरी तीनशेवर ओळी उरतात, कारण ते फक्त रिकाम्या जागा गाळतं, अवतरणं नाही. एवढं डोळ्यांनी कोण वाचणार? मुलाचा दोष नाही. रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, आम्ही कंस आणि स्पेसवर भांडत राहिलो, हिशेब वाचायचा राहून गेला.

चूक सुधारून नवी पट्टी लगेच दिली. शैलीचं काम मात्र क्रमानेच करावं लागतं. आधी उघड्या ब्रांच, म्हणजे चालू कामाच्या वेगळ्या शाखा, मुख्य कोडमध्ये मर्ज करून संपवल्या, नाहीतर प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे न जुळणारे बदल, येतात. मग गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एलएफ ठरवून, सगळ्या फाइली तशा करून (रिनॉर्मलाइज) एक कमिट. त्यानंतर सगळ्या कोडवर ब्लॅक, हा पायथन कोडचं फॉरमॅटिंग आपोआप करणारा प्रोग्राम, त्याचा वेगळा कमिट. ब्लॅक आधीचा आणि नंतरचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडची रचना, ताडून पाहतो, म्हणून त्यावर विसंबता येतं. ओळ 88 अक्षरांची. पेप 8 या पायथनच्या शैली-नियमांतल्या 79 साठी अडून बसण्यात अर्थ नाही. ब्लॅकची आवृत्ती मात्र सगळ्यांकडे एकच हवी, नाहीतर दोन मशिनी एकमेकींचं फॉरमॅटिंग उलटवत बसतात.

दोन्ही कमिटचे पूर्ण 40 अक्षरी हॅश, म्हणजे ओळखखुणा, इग्नोर-रेव्ह्ज फाइलमध्ये टाकले; त्यातले कमिट ब्लेम वगळतं. ही सोय गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. पण प्रत्येकाला आपल्या क्लोनमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतःकडच्या प्रतीत, सेटिंग करावी लागते, आणि नेमकं तेच राहतं. प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, नो-व्हेरिफाय देऊन टाळता येतो, म्हणून सर्व्हरवर ब्लॅकची तपासणी सक्तीची केली.

यातलं काहीही ‘>=’ पकडत नाही. त्यासाठी 11.9, 12.0 आणि 12.1 अशा तीन टेस्ट लिहिल्या. मग डेटाबेसमध्ये शोधलं: नऊ दिवसांत बरोबर 12.0 ओलाव्याच्या 31 पट्ट्या निघाल्या. सत्तावीस जणांची रक्कम परत गेली. चौघांच्या पट्टीवर फोन नंबरच नाही, फक्त गावाचं नाव आहे.