अहवालातली गादी आणि पायातली कळ

मागच्या पावसाळ्यात भरलेली बादली उचलताना कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांत ती कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत उतरली. ‘मणक्यात गॅप आला असेल’ असे जो तो म्हणू लागल्यावर घरच्यांनी थेट एमआरआय करून घ्यायला लावला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगून नसेवर टेकल्याचे अहवालात लिहिले होते, आणि ते वाचून मी ती रात्र ऑपरेशनच्या धास्तीत काढली.

अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र फिल्म बाजूला ठेवून मला आधी टेबलावर उताणे झोपवले. गुडघा सरळ ठेवून त्यांनी डावा पाय टाचेला धरून उचलला, तेव्हा तो निम्माही वर गेला नसताना पोटरीत सणक गेली. मग दोन्ही पायांचे अंगठे माझ्याकडे ओढून धरायला सांगून त्यांनी ते बोटाने खाली दाबून पाहिले; डावा अंगठा सहज खाली गेला. या गादीपाशी बहुधा जी नस दबते, तिच्याच जोरावर पायाचा अंगठा वर उचलला जातो, म्हणजे फिल्म आणि पाय एकच गोष्ट सांगत होते. हे जुळणे फार महत्त्वाचे आहे, कारण कंबर दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा जो आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या होत्या. नुसत्या अहवालावरून कुणीही ऑपरेशनला तयार होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

लघवी अडकली, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी दोनदा बजावले. एरवी दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहायचे नव्हते. वेदनाशामक गोळ्या, झेपेल तेवढे चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पालथे झोपून छाती उचलण्याचे व्यायाम, एवढाच उपचार होता. तिसऱ्या आठवड्यात पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्त दुखू लागली, तेव्हा मी घाबरले; कळ पायातून कंबरेकडे परतणे हे चांगले लक्षण असते, हे फिजिओथेरपिस्टने समजावले. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी अंगठा पुन्हा दाबून पाहिला, तेव्हा तो जागचा हलला नाही.