वाकायची भीती

आज राजारामपुरीत क्लिनिकला एक काका आले, जन्म गुऱ्हाळावर गेलेला, कंबरदुखी चार वर्षांची, एमआरआयमध्ये घाबरण्यासारखं काही नाही पण खाली पडलेला रुमालसुद्धा नातवाला उचलायला लावला. मग टाम्पा स्केल, म्हणजे हालचालीची भीती मोजायची प्रश्नावली, भरून घेतलं, १७ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ४ मार्क, बेरीज ३७ च्या वर गेली की भीती जास्त धरतात, काकांचे ५१! "मॅडम, वाकलो की मणका सरकतोय बघा" म्हणाले, कुणीतरी कधीतरी सांगितलेलं तेच मनात घट्ट बसलंय, लई वाईट वाटलं. ही भीती एमआरआयमध्ये दिसत नाही हो, विचारावीच लागते. शेवटी स्टुलावर किलोची गुळाची ढेप ठेवली, काका श्वास रोखून वाकले, उचलली. परत ठेवताना श्वास मोकळा होता. पुढच्या वेळी स्टूल जरा बुटकं घेणार.