निळ्या कागदावरचे चौथे मत

रविवार, १८ जानेवारी २०२६

गुरुवारी सोलापूर महापालिकेचे मतदान होते; आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मते. दुपारी मी तीन मते विचार करून दिली आणि चौथे कुणाला दिले ते मला आठवत नाही. शुक्रवारी निकाल लागला, आज रविवार उजाडला, तरी आठवत नाही. यंत्रावर प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा होता. पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची नावे अजून डोळ्यांपुढे आहेत. निळ्या कागदाचा मात्र नुसता रंग राहिला आहे. नाव नाही, चिन्ह नाही, बटण वरच्या अंगाचे होते की खालच्या, तेही नाही.

झाले ते एवढेच. अ, ब आणि क या तीन जागांची बटणे दाबून झाल्यावर मी निळ्या कागदापुढे थांबले, कारण त्या कागदावरचे एकही नाव मला धड माहीत नव्हते. किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडून मतदान अधिकारी म्हणाला, "बाई, अजून एक राहिलंय, त्याशिवाय बीप वाजणार नाही." आवाज तरुण होता, अदबीचा होता, त्यात घाई अशी नव्हतीच. माझ्यामागे एक मुलगी कडेवर लेकरू घेऊन उभी होती आणि ते लेकरू रडत होते. मी बोट पुढे केले, दाबले, लांब बीप वाजली, आणि मी सुटल्यासारखी बाहेर आले. सुटल्यासारखी, हाच शब्द बरोबर आहे, आणि तोच मला तीन दिवस टोचतो आहे.

दुसऱ्या कुणाच्या हातून हे झाले असते तर मी समजून घेतले असते. पण मी आयुष्यातली कितीतरी वर्षे निवडणुकीच्या कामावर काढली आहेत. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन रात्री शाळेच्या खोलीत सतरंजीवर पडणे, पहाटे उठून पेट्यांना सील करणे, मतपत्रिका मोजून सह्या करणे, हे सगळे मी केले आहे. यंत्रे यायच्या आधीची एक म्हातारी मला अजून दिसते. हातात शिक्का घेऊन ती आडोशामागे गेली आणि दहा मिनिटे बाहेरच आली नाही. रांगेतले लोक कुरकुरू लागले, केंद्राध्यक्षांनीही माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी म्हणाले होते, "घेऊ दे तिला वेळ, पाच वर्षांतून एकदा तर येतेय." तिला मी दहा मिनिटे दिली आणि स्वतःला एक मिनिट दिले नाही.

नोटाचे बटण तिथे होते. कुणीच माहीत नसेल तर नोटा दाबता येते, हे मी आमच्या बोळातल्या चारचौघींना समजावून सांगितले होते. नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची, असा आदेश आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला, हेही सांगितले होते. मग मी ते का दाबले नाही? दोन रात्री मी स्वतःला हेच विचारते आहे. पहिल्या रात्रीचे उत्तर होते, घाई झाली. काल रात्री त्या उत्तरावरचा माझा विश्वास उडाला. नोटा दाबायलाही आपण नाकारतो आहोत एवढी खात्री मनात लागते, आणि माझ्याजवळ तीही उरलेली नव्हती. मला फक्त ती बीप ऐकायची होती.

हे असे कशाने झाले असावे, ते लिहून पाहते.

आमच्या घरात दोन मते असत. बाबा गिरणीतले, लाल बावट्याचे. आडम मास्तर १९७८ साली पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा बाबांनी पगाराआधी उधारीवर पेढे आणले होते. आई काँग्रेसची. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, पण चिन्ह ओळखण्यात ती कधी चुकली नाही. आधी बैलजोडी, मग गाय-वासरू, मग हात, असे तिचे चिन्ह तिच्या डोळ्यांदेखत दोनदा बदलले. चिन्हे तेव्हाही बदलत होती, म्हणून आजच्या बदलाचे एवढे काय, असे यांनी मला परवा विचारले, आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. आता वाटते की आईचे चिन्ह बदलले तरी त्यामागची माणसे तिला तीच दिसत होती. माणूस दिसला की ती नवे चिन्ह शिकून घ्यायची. बाबांचे तर चिन्हही तेच आणि माणसेही तीच. दोघांची या विषयावर जन्मभर भांडणे झाली, पण आपण कुणाला मत दिले हे दोघांनाही मरेपर्यंत माहीत होते.

माझे तसे राहिले नाही. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी फुटली, धनुष्यबाण एकीकडे गेला आणि मशाल दुसरीकडे, घड्याळ एकीकडे आणि तुतारी दुसरीकडे. मुंबईत एका मंत्रिमंडळात बसणारे पक्ष इथे आमच्या प्रभागात एकमेकांविरुद्ध उभे होते. आणि जे फुटले नाहीत, त्यांच्याकडे फुटलेल्यांची आणि न फुटलेल्यांची अशी सगळ्यांचीच रांग लागली होती. माझ्या हातातल्या यादीत नाव ओळखीचे असले तर चिन्ह अनोळखी होते, आणि चिन्ह ओळखीचे असले तर नाव अनोळखी. हे वाक्य मी मतदानाच्या आदल्या रात्री बोलून दाखवले तेव्हा जाऊबाई हसल्या. मला हसू आले नाही.

एक उमेदवार घरीही आला होता, सातवीला माझ्या हाताखाली शिकलेला. वाकून नमस्कार केला, चहा घेतला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "चिन्ह बदललंय बाई, मी तोच आहे." त्याचे हे तिसरे चिन्ह. मुलगा वाईट नाही. करोनाच्या दिवसांत त्याने आमच्या भागासाठी काय काय केले ते मी पाहिले आहे, आणि त्याला तिकीट कुठे मिळाले व कुठे नाकारले गेले, तेही मला माहीत आहे. त्याला मी मत दिले की नाही हे इथेही लिहिणार नाही. पण "मी तोच आहे" हे सांगण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि ते ऐकताना माझी नजर आपोआप खाली गेली, हे लिहून ठेवते.

अर्ज मागे घेण्याच्या दिवशी या शहरात जो खून झाला त्याबद्दल मला अजून काहीच लिहिता येत नाही. तिथे पेन थांबते.

मागची महापालिका निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली होती. तेव्हा १०२ पैकी ४९ जागा भाजपला मिळाल्या, शिवसेनेला २१, काँग्रेसला १४, आणि आमच्या बोळात त्या रात्री दीड वाजेपर्यंत वाद चालला होता. मार्च २०२२ मध्ये ती मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला चालू राहिला आणि निवडणूक पुढे पुढे जात राहिली. त्या चार वर्षांत गटार तुंबले की जायचे कुणाकडे, हेच लोक विसरले. अर्ज घेऊन झोन कार्यालयात जायचे आणि पोच घेऊन परत यायचे. मत देण्याचीही एक सवय असते आणि ती मोडते, असे मला वाटू लागले आहे. हे कारण मी माझ्या समाधानासाठी शोधले असेल, पण खोटे नाही.

परवा संध्याकाळी गुलाल उधळला गेला, हलग्या वाजल्या. एकाच पक्षाच्या जागा ऐंशीच्या वर गेल्या. याच शहराच्या मतदारसंघाने दीड वर्षापूर्वी लोकसभेला काँग्रेसच्या प्रणितीताई शिंदेंना निवडून दिले होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभेला शहराच्या जागा दुसऱ्या बाजूला दिल्या. लोकांना दोष द्यायला माझ्याजवळ जागा नाही. त्यांनी निदान जाणून दिले. पण मला नवल वाटले ते जिंकणाऱ्यांना मत दिलेल्या लोकांचे. समोरच्या घरातल्या चारही जणांनी एकाच चिन्हाला चारही मते दिली, ते त्यांनी उघड सांगितले होते. त्यांचे चारही उमेदवार आले. मी अभिनंदन करायला गेले तर काका म्हणाले, "येणारच होते की, त्यात काय." दूरचित्रवाणीवर निकाल चालू होते आणि ते होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला निघाले होते, नातवाला पाळण्यात बसवायला. हरलेल्यांच्या घरी दुःख असते ते मी पाहिले आहे. जिंकलेल्यांच्या घरी असे काहीच नसणे मी पहिल्यांदा पाहिले.

मग घरी येऊन मी आमच्या प्रभागाचा निकाल मोबाइलवर उघडला. तीन नावांपुढे काय झाले ते लगेच कळले. चौथ्या जागेच्या नावांवरून मी तीनदा बोट फिरवले, एखादे नाव तरी 'मी दाबले ते हेच' म्हणून हाक देईल या आशेने. एकाही नावाने हाक दिली नाही. म्हणजे माझा उमेदवार जिंकला की पडला हेसुद्धा मला कधीच कळणार नाही. एवढ्या मोठ्या आकड्यांत ते एक मत कुठे आहे याने कुणाचे काही अडणार नाही, हे मला समजते. तरी रात्री उशिरापर्यंत मला रडू येत होते. वाटत होते की माझ्याकडून कुणीतरी काहीतरी काढून नेले, आणि ते नेताना मीच हाताने उचलून दिले. हे म्हणाले, झोप आता. झोप आली नाही.

१२ जानेवारीला, म्हणजे मतदानाच्या तीनच दिवस आधी, मी दरवर्षीप्रमाणे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आले होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी दिले. शाळेत शिकवत असताना मी मुलांना तिथे नेत असे, आणि सांगत असे की १९३० मध्ये आपल्या नगरपालिकेने इमारतीवर राष्ट्रध्वज चढवला आणि पुढे याच शहराने मार्शल लॉ सोसला. नगरपालिका म्हणजे नळ आणि दिवाबत्तीपलीकडेही काही असते, असे मी मुलांना सांगत होते. त्या मुलांतला एक यंदा उमेदवार होता. त्या दिवशी पुतळ्यांपुढे हात जोडताना माझ्या पिशवीत प्रचाराची सात पत्रके होती, आणि एकावरही महापालिका हा शब्द मला ठळक दिसला नाही. सगळ्यांवर मोठ्या नेत्यांचे फोटो होते, आणि जो आमच्याकडे मत मागत होता त्याचा फोटो खाली कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. निळ्या कागदावरचे नाव मला माहीत नव्हते याचा थोडा दोष त्या अंगठ्याएवढ्या फोटोलाही द्यावा, असे आता वाटते. सगळा नाही. थोडा.

आज पहाटे पाणी आले. चार दिवसांआड येते, म्हणजे मतदानाआधी भरलेले संपत आले होते. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर येऊन ते आमच्या नळाला दीड तास टिकते. अक्का शेजारच्या नळावर होती. विड्या वळायची पाने भिजत घालायची म्हणून तिला पहिले पाणी लागते. न राहवून मी तिला चौथ्या मताचे सांगून टाकले. मला वाटले ती हसेल किंवा समजूत घालेल. तिने घागर बाजूला ठेवली, पदराने हात पुसला आणि विचारले, "चौथा कोण आलाय?"

मला सांगता आले नाही. निकाल तीनदा वाचला होता, पण मी माझे हरवलेले नाव शोधत होते, निवडून आलेले नाव मी वाचलेच नव्हते.

"मला बी ठाव नाही," ती म्हणाली. "मी बी दोघांनाच ओळखत होते. पण चौघं आलेत ना? मग पाण्याला चौघांच्याही दारात जायचं की. दिलं का नाही दिलं, ते कोण बघतंय. तुम्ही लिहा, मी येते."

तिच्या बोलण्यात धीर देण्याचा काही हेतू नव्हता. तिला पाण्याची वेळ पहाटे तीनवरून पाचवर आणून हवी आहे, आणि अर्ज लिहायला कुणीतरी हवे आहे. पण मी घरात आले तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटली. ते मत परत मिळणार नाही. कुणाला गेले ते कळणार नाही. ते तसेच राहणार, आणि मला त्याच्यासोबत पाच वर्षे काढायची आहेत.

दुपारी बसून अर्ज लिहिला. वरती चारही नगरसेवकांची नावे घालायची म्हणून यादी पुन्हा उघडली आणि या वेळी नीट वाचली. चौथे नाव उतरवून घेतले, आडनावाची वेलांटी दोनदा तपासली. अक्काच्या आणि माझ्या सहीखाली आणखी अकरा सह्या झाल्या आहेत; समोरच्या काकांनीही केली. अक्का म्हणते ओळखीच्यांकडे आधी जाऊ. मी म्हटले, आधी चौथ्याकडे जाऊ. त्याचा चेहरा मला पाहायचा आहे.