स्क्रम समजून घेताना

कबड्डी आणि कुस्तीच्या वातावरणात वाढलेल्या सोलापूरच्या मुलांना रग्बीतील टॅकल, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला धरून खाली पाडणे, लवकर उमगतो. मला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ खेळाडूंनी फळ्या करून चेंडूसाठी एकमेकांना रेटणे, मात्र कितीही व्हिडिओ पाहूनही नीटसा कळत नव्हता. चेंडू हातून पुढे निसटला किंवा पास पुढच्या दिशेने गेला, की खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी स्क्रम लावतात आणि चेंडू आत टाकण्याचा हक्क समोरच्या संघाला मिळतो, एवढा नियम सोपा आहे. अवघड आहे ती त्यातली रचना.

प्रशिक्षकांनी मला उजव्या बाजूच्या प्रॉपच्या (पहिल्या फळीतल्या कडेच्या खेळाडूच्या) जागी, म्हणजे टाइटहेडला उभे केले, तेव्हा ती उलगडू लागली. डाव्या प्रॉपचा बाहेरचा खांदा मोकळा असतो. उजव्याचे डोके मात्र प्रतिस्पर्ध्यांचा प्रॉप आणि हुकर (पहिल्या फळीतला मधला खेळाडू) या दोघांच्या मध्ये जाते, त्यामुळे त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. सराव आम्ही ओणवे होण्यापासून सुरू केला. प्रशिक्षक पाठीवर आडवी काठी ठेवत. खांदे कमरेपेक्षा खाली गेले, की ती मानेकडे घरंगळे. खांदे कमरेखाली जाऊ नयेत हा नियमच आहे, कारण स्क्रम कोसळला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते.

पंचांच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’ या आज्ञांचे महत्त्वही तिथेच पटले. ‘बाइंड’ला समोरच्या प्रॉपची जर्सी घट्ट धरायची आणि ‘सेट’ ऐकल्यावरच भिडायचे. धडकेचा जोर कमी व्हावा म्हणून हा क्रम 2013 मध्ये लागू झाला. भिडल्यावर मागच्या लॉकचा (दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचा) खांदा मांडीच्या वर टेकला आणि पाठ सरळ असल्यामुळे त्याचा रेटा माझ्या खांद्यांतून थेट पुढे गेला. आठ जणांचे बळ पायांतून येते, हातांतून नव्हे, हे मला त्या क्षणी अंगाने कळले.

नवशिक्यांनी सेव्हन्सच्या (सात-सात खेळाडूंच्या रग्बीच्या) तीन-तीन जणांच्या स्क्रमपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे पहिल्या फळीसाठी तयार झालेले खेळाडू अजून मोजकेच आहेत. त्यामुळे सराव सामन्यांत आम्ही न रेटण्याचा, नियमांत मान्य असलेला स्क्रमच लावतो.