आमची वाटचाल : आधी श्रिंप मेले, मग मासे

आमचं शोभेच्या माशांचं दुकान 1998 साली दादरला सुरू झालं. पैसे मावसभावाने आणि मी मिळून घातले. टँकची काच चिकटवायचं काम त्याचं, पाण्यात मीठ कालवायचं माझं. त्याच्या हातचा सहा फुटी टँक आजही एका गिऱ्हाइकाकडे चालू आहे, सिलिकॉन कुठे सुटलेलं नाही. आता बाजारात जे तयार टँक मिळतात त्यांचे कोपरे बघवत नाहीत. भाऊ पुढे दुबईला गेला. मधली वर्षं ठीक गेली. 2005 च्या जुलैत वीज गेली तेव्हा बॅटरीवरच्या पंपांनी माल वाचवला, एवढंच.

घाला पडला 2009 मध्ये. पार्ल्याच्या एका गिऱ्हाइकाचा भरलेला मरीन, म्हणजे समुद्री माशांचा, टँक एका रात्रीत साफ झाला. टँग, क्लाऊन, बटरफ्लाय, एकही मासा उरला नाही. आमच्याच लाइनीतल्या एका दुकानदाराने लगेच उठवलं, "त्यांचे मासे सायनाइडचे." फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाइड मारून मासे धरतात, आणि असा मासा धडधाकट दिसत असतानाच काही दिवसांनी मरतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे लोकांना पटलंही. ठरलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या, दुकानाचं भाडं थकलं, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

पाठीशी उभे राहिले ते फक्त मास्तर. आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. तापमान, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा), पाणी कधी बदललं, सगळं वहीत. ते खारेपणा मोजायचा स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन माझ्याबरोबर पार्ल्याला आले. (त्याच कामाच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, माझाही नाही. काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा खोटा.) सॅलिनिटी 1.025, पीएच 8.2, अमोनिया किंचित, म्हणजे पाणी ठीकच. वीजही गेली नव्हती. मास्तरांनी एकच विचारलं, "आधी काय मेलं?"

घरकामाच्या मावशी म्हणाल्या, "ते लाल पट्ट्याचे झिंगे. संध्याकाळीच उताणे पडले होते."

उलगडा तिथेच झाला. झिंगे म्हणजे श्रिंप. सायनाइडचा मासा मरतो तो एकटा, टँकमधल्या जुन्या श्रिंपना घेऊन नाही. व्हेल्वेट हा माशांचा रोगही नव्हे. त्याचा परजीवी, अमायलूडिनियम, कल्ल्यांत बसून दोन-चार दिवसांत सगळे मासे नेतो, पण श्रिंपच्या वाटेला जात नाही. आधी श्रिंप आणि मग मासे, म्हणजे पाण्यात विष. पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं. आपल्याला त्याने सहसा फारसं काही होत नाही, श्रिंपला मात्र त्याचा अंशही पुरतो आणि मासेही फार टिकत नाहीत. एअर पंप ठेवलेला किचनच्या सिंकखाली. आदल्या दुपारी झुरळांसाठी फवारणी झाली होती तीही तिथेच. पंपाने ती हवा ओढून रात्रभर पाण्यात सोडली.

सायनाइडची बातमी पसरायला एक संध्याकाळ लागली. हे सांगत मात्र मी वर्षभर फिरलो. त्या दुकानदाराने आजतागायत शब्द मागे घेतलेला नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. फवारणीच्या दिवशी पंपाची हवा ओढायची नळी खिडकीबाहेर काढा, टँक झाकून घ्या, फिल्टरमध्ये विष शोषायला ताजा कार्बन घाला. नवा मासा महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथेच, मेन टँकमध्ये कधीही नाही, श्रिंप जातील. आणि एका रात्रीत मासे गेले तर दुकानदाराला शिव्या घालण्याआधी श्रिंप मोजा.

पार्ल्याच्या त्या गिऱ्हाइकाने टँक पुन्हा भरून घेतला, आमच्याकडूनच. स्किमरचे (पाण्यातली घाण काढायच्या यंत्राचे) पैसे तेवढे अजून द्यायचे आहेत त्यांनी.