खडूने आखलेली गाडी : आमची वाटचाल

म्हापशाच्या बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. बाबांनी ते १९८६ साली सुरू केलं. कामं तेव्हा ठरलेली असायची: टॅक्सीची फाटलेली सीट, रिक्षाचं हूड, बसचे पडदे, आणि पावसाळा तोंडावर आला की ताडपत्रीला आयलेट मारून देणं. आज दुकानाची निम्म्याहून जास्त कमाई गोव्यात न वापरल्या जाणाऱ्या मालावर होते. परदेशात भाड्याने घेतलेल्या साध्या गाडीत दोन माणसांना रात्रभर नीट झोपता यावं, यासाठी लागणारी गादी, खिडक्यांचे पडदे, जाळी आणि स्वयंपाकाची पिशवी आम्ही शिवतो. गिऱ्हाईक हा संच विमानातून बरोबर घेऊन जातं.

या कामाचं मूळ हणजूण-हरमलच्या किनाऱ्यावर आहे. मी शाळेत होतो तेव्हा दर हिवाळ्यात युरोपातून रस्त्याने आलेल्या गाड्या तिथे माडांखाली उभ्या असायच्या. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत आलेली ही माणसं सहा-सहा महिने गाडीतच राहायची. त्यांच्या गाद्या खाऱ्या वाऱ्याने कुबट व्हायच्या, फोमचा भुगा व्हायचा, आणि मग कुणीतरी त्यांना बाबांचा पत्ता द्यायचं. त्या लांबलचक गाड्या आमच्या गल्लीत शिरत नसत. म्हणून बाबा सायकलवरून जाऊन आतलं माप घ्यायचे आणि दुकानाच्या शहाबादी फरशीवर खडूने गाडी आखायचे. चाकांचे उंचवटे, दाराची जागा, सगळं त्यात असायचं. गादी कापण्याआधी मालकाला त्या रेघांच्या आत झोपवायचे आणि म्हणायचे, “उताणं नको, रोज झोपता तसं झोपा.” कुशीवर झोपणाऱ्याला फोम जास्त जाड लागतो, हे मला तिथे कळलं.

२०१६ साली मी आणि बायको न्यूझीलंडला गेलो. ताई ऑकलंडला नर्स आहे. चार दिवस तिच्याकडे राहून पुढचे बारा दिवस दक्षिण बेटावर फिरायचं ठरलं होतं. मोटेलचे दर पाहून आम्ही एक जुनी स्टेशन वॅगन भाड्याने घेतली, ताईकडून दोन योगा मॅट आणि दोन रजया उचलल्या आणि निघालो. एप्रिल म्हणजे तिकडची पानगळ. पहिल्या रात्री खिडक्यांना टॉवेल लावले ते पहाटे गळून पडले. काचा सगळ्या बंद ठेवल्यामुळे दोघांच्या श्वासाचं पाणी काचांवर साचलं आणि सकाळी रजयांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. दुसऱ्या रात्री हवा यावी म्हणून काच खाली केली, तर आधी सँडफ्लाय आत शिरल्या आणि मग थंडी. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही बारीक काळी माशी चावली की खाज आठवडाभर जात नाही. चौथ्या रात्री बायको म्हणाली, “आज मला पलंग पाहिजे.” तिचं खरंच होतं. मी स्वतः दुपारी स्टिअरिंगवर पेंगत होतो.

बारापैकी पाच रात्री आम्ही मोटेलमध्ये काढल्या, त्याही ऐनवेळी शोधून, म्हणजे मिळेल त्या भावाने. परतताना विमानात वहीवर हिशेब मांडला. पेट्रोल आणि जेवण अंदाजात बसलं होतं. फुगला होता तो झोप न झाल्याचा खर्च. मोटेल तर आलेच, शिवाय थकून घेतलेलं बाहेरचं जेवण आणि उशीर झाला म्हणून बुडालेलं बोटीचं तिकीटही. आपण तीस वर्षं गाड्यांच्या गाद्या शिवतो आणि स्वतः योगा मॅटवर झोपलो, हे मला फार लागलं. घरी आल्यावर आठ दिवसांत मी फरशीवर ती वॅगन आखली.

खरी मेख सीट पाडल्यावर कळते. मागची सीट दुमडली की जमीन सपाट होत नाही. ती डिकीकडून पुढच्या सीटकडे किंचित चढत जाते, आणि दुमडलेली सीट नि पुढची सीट यांच्यात एक खोल पोकळी राहते. माणूस पाच फूट आठ इंचांचा असेल तर डोकं किंवा पाय नेमके त्या पोकळीत जातात. पहिल्या संचात आम्ही तिच्यावर प्लायची फळी टाकली. झोप उत्तम लागली, पण संचाचं वजन एकोणीस किलो झालं. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेत तेवीस किलो घेतात आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत मागतात. एकोणीस किलो गादीलाच गेले तर कपडे कुठे भरायचे? पेडण्याचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी हे आमचं पहिलं गिऱ्हाईक. मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरावे लागल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं. मी ती रक्कम त्यांना परत केली आणि फळी काढून टाकली.

उपाय आईने काढला. “गाडीत झोपताना त्यांच्या बॅगा कुठे असतात?” असं तिने विचारलं. बॅगाच त्या पोकळीत उभ्या ठेवायच्या आणि गादीच्या टोकाला जाड नायलॉन पट्ट्यांची झडप शिवायची, जी बॅगेवरून जाऊन पुढच्या सीटच्या हेडरेस्टला अडकते. गादीचे आम्ही चार तुकडे केले. ते वेल्क्रोने जुळतात, आणि खालच्या दोन तुकड्यांना उताराच्या उलट कापलेली पाचर असते, त्यामुळे पाठ सपाट राहते. फोम चाळीस डेन्सिटीचा, जाडी अडीच इंच, वरून धुता येणारं सुती कव्हर. पट्ट्याने आवळून गुंडाळी केली की संच जाळी-पडद्यांसकट नऊ किलोंच्या आत बसतो. पडद्यांना आतून काळं कापड आणि बाहेरून चंदेरी फोम शीट. जाळी दाराच्या चौकटीवर मोज्यासारखी चढते, त्यामुळे काच बोटभर उघडी ठेवता येते. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या हव्यात, एकीकडची उघडून भागत नाही. आमच्या गोव्यातल्या पावसाळ्यात कपाट दोन्ही बाजूंनी वारं लागेल असं ठेवतात ना, तोच न्याय.

लोक संच घ्यायला येतात आणि तासभर बसून प्रश्न विचारतात. त्यामुळे हळूहळू सल्ला देणं हा कामाचाच भाग झाला. त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

पहिला प्रश्न असतो, “फुकट कुठे झोपता येईल?” आम्ही तो उलटा विचारायला लावतो: तुमच्या गाडीला कुठे झोपायची परवानगी आहे? न्यूझीलंडमध्ये फुकट मुक्कामाच्या कितीतरी जागा फक्त ‘स्वयंपूर्ण’ (म्हणजे शौचालय-पाण्याची सोय आतच असल्याचं) प्रमाणपत्र असलेल्या गाड्यांसाठी असतात. साध्या वॅगनने तिथे रात्र काढली तर चारशे डॉलर दंड. पण तिथल्या संवर्धन खात्याचे कॅम्पसाइट देशभर आहेत. त्यातले साधे काही फुकट आहेत, बाकीचे मोटेलच्या मानाने अगदी स्वस्त. दोन माणसं तीन आठवड्यांसाठी जाणार असतील तर साधी गाडी, संच, हे कॅम्पसाइट आणि दर तिसऱ्या रात्री अंघोळ-धुणं-चार्जिंगसाठी एक हॉलिडे पार्क, हेच गणित मला पटतं. शौचालयवाली मोठी कॅम्परव्हॅन घेऊन सगळ्या रात्री फुकट काढण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं, कारण व्हॅनचं भाडं आणि इंधन दोन्ही जास्त. भाड्याच्या करारात गाडीत झोपायला मनाई नाही ना, हे मात्र सही करण्याआधी वाचायचं.

व्हॅनच हवी असेल तर दिशा बदला. बहुतेक प्रवासी ऑकलंडला सुरुवात करून क्राइस्टचर्चला संपवतात. मग कंपन्यांना रिकाम्या गाड्या उत्तरेला परत हव्या असतात आणि त्या नाममात्र भाड्याने मिळतात. ऑस्ट्रेलियातही असंच चालतं. दिवस मोजून मिळतात, रेंगाळता येत नाही. पण ज्यांना मुलगी-जावयाकडेच जायचं आहे त्यांच्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे.

डिझेलचं एक सांगतो, कारण यात आमची तीन गिऱ्हाइकं फसली. न्यूझीलंडमध्ये पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात धरलेला नसतो. डिझेल गाडीला तो किलोमीटरवर वेगळा भरावा लागतो. भाड्याच्या गाडीत त्याचं बिल बहुधा शेवटी चाव्या परत देताना हातात पडतं. दोन गाड्यांची तुलना करायची तर हा आकडा आधीच विचारून घ्यावा.

जेवणाचं आमच्या माणसांना सांगावं लागत नाही. पोहे, रवा, कोकम घेऊन निघालेले असतात. फक्त एक हात जोडून विनंती: न्यूझीलंडला उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. न लिहिलेली सापडली तर जागेवर पुन्हा तेच चारशे डॉलर. गॅसचा सिलिंडर विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्यायचा. ऑस्ट्रेलियात कित्येक सार्वजनिक बागांत फुकट वापरता येणाऱ्या शेगड्या आहेत. मास्तरांच्या पत्नीने त्यांच्यावर महिनाभर रोज संध्याकाळी जेवण केलं. आणि कितीही थंडी असो, दारं-काचा लावून गाडीत शेगडी पेटवायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकाच्या पिशवीवर आम्ही हे मराठीत लाल दोऱ्याने भरून देतो. काहींना ते आवडत नाही, तरी काढत नाही.

आइसलँडची मागणी २०१८ पासून वाढली. तिथे २०१५ च्या नोव्हेंबरपासून कायदा कडक आहे. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कॅम्पसाइटबाहेर गाडीत रात्र काढता येत नाही. उन्हाळा सोडला तर बरेच कॅम्पसाइट बंद असतात, म्हणून तारखा आधी पाहायच्या. अंघोळीची चिंता नाही, गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत. तिथला धडा मला फोंड्याच्या एका जोडप्याने दिला. संध्याकाळी गाडी लावून त्यांनी दार उघडलं, आणि मागून आलेल्या वाऱ्याने ते बिजागरीतून उलटं वाकवलं. विम्यात वाऱ्याने तुटलेलं दार बसत नव्हतं. तीन आठवड्यांत वाचवलेलं सगळं त्या एका दारात गेलं. आता आइसलँडच्या संचात आम्ही आठवणीची एक चिठ्ठी घालतो: गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरा.

युरोपात लोकांची एक समजूत असते, की नॉर्वे-स्कॉटलंडमध्ये कुठेही राहायचा हक्क आहे. तो हक्क पायी फिरणाऱ्याचा आहे, मोटारीचा नाही. जर्मनीत गाडी चालवण्याजोगी तरतरी येण्यापुरती एक रात्र पार्किंगमध्ये झोपलेलं चालतं, पण बाहेर खुर्च्या-टेबल मांडली की ते कॅम्पिंग होतं. पोर्तुगालला जाणारे इथे खूप, कुणाचे ना कुणाचे नातेवाईक तिथे असतातच. त्यांना सांगतो, की २०२१ मध्ये तिथला कायदा बदलला. किनारपट्टीच्या आणि राखीव निसर्गक्षेत्रांत ठरलेल्या जागांबाहेर गाडीत मुक्काम करायचा नाही, बाकी ठिकाणी एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस तास. लायसन्सचं म्हणाल तर आपल्या आरटीओत हजार रुपयांत वर्षभराचं इंटरनॅशनल परमिट मिळतं. त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. न्यूझीलंडच्या सीमा सर्वांसाठी पुन्हा उघडेपर्यंत २०२२ चा जुलै संपला. तोवर आम्ही मास्क शिवले आणि मग इथल्याच गाड्यांचे संच केले. बाबा त्याच काळात गेले.

नंतरचा फटका कायद्याने दिला. आधी संचासोबत आम्ही घडीचं शौचालय देत होतो आणि न्यूझीलंडला जाणारे काही जण ते खास मागून नेत. २०२३ च्या नव्या कायद्याने तिथे स्वयंपूर्ण गाडीत कायम बसवलेलं शौचालयच हवं असं ठरलं, उचलून ठेवायचं चालत नाही. मागवून ठेवलेले चाळीस नग पडून राहिले. माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाला ते विकता आले असते. आम्ही विकले नाहीत. जत्रेत दुकान मांडणाऱ्या ओळखीच्या लोकांना निम्म्या दरात दिले.

आज शिलाईला तीन बायका आहेत, कापणी मी करतो, आणि प्रत्येक शिवणीवरून शेवटचा हात आई फिरवते. वर्षाला साठ-सत्तर संच जातात. त्यापेक्षा जास्त घेत नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी आम्ही अजून फरशीवर आखतो.

गेल्या आठवड्यात साखळीहून एक जोडपं आलं होतं. त्यांची मुलगी मेलबर्नला असते. मी वॅगनच्या रेघा मारल्या, गादीचे तुकडे जुळवले, पोकळीत त्यांचीच बॅग उभी केली. काका पटकन आडवे झाले. काकू उभ्याच होत्या. आई म्हणाली, “लाजू नका, दार लोटून घेते.” मग काकू साडी सावरत आत आल्या, कुशीवर वळल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं डोळा लागला. तेवढ्यात त्यांनी खडूच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, “ही खिडकी ना? मग मी ह्या बाजूला. ह्यांना सकाळचं ऊन डोळ्यांवर नको असतं.” मी तुकड्यांच्या मागे पेनने खूण केली: डावी बाजू, काकू.