आधी बोट, मग श्वास, मग शब्द

पुतण्या सध्या लष्कराच्या गोव्याच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरला आहे, वायरलेस सेटवर बोलायला शिकतोय. रविवारी त्याचा फोन आला. "काका, उस्ताद, म्हणजे शिकवणारे, रोज म्हणतात, तू सेटवर बोलत नाहीस, पळतोस." जबलपूरच्या सिग्नल सेंटरला असताना मीही हेच ऐकलंय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून त्याच्यासाठी इथे लिहितोय.

बाळा, आधी माझी चूक ऐक. राजस्थानात एक्सरसाइज होती, म्हणजे लष्करी सराव, रात्रीची वेळ. पाण्याची गाडी कुठे आणायची तो नकाशावरचा सहा आकडी रेफरन्स मी दिला. पहिले तीन आकडे पूर्व-पश्चिम जागा सांगतात, ते होते ३९५. घरी फोनवर बोलावं तसं घाईघाईत म्हणालो, "थ्री नाइन फाइव्ह". पलीकडच्याने लिहिलं ३५५. नाइन आणि फाइव्ह, खरखरीत दोन्ही एकच. दुसरा आकडा किलोमीटरचा असतो, त्यामुळे गाडी ४ किलोमीटर पश्चिमेला वाळूत जाऊन उभी राहिली. पोरांनी रिकाम्या बाटल्या उशाला घेऊन रात्र काढली. त्याने आकडे परत वाचून दाखवले नाहीत आणि मीही "रीड बॅक" म्हटलं नाही. एवढे दोन शब्द बोललो असतो तर पाणी वेळेवर पोचलं असतं.

म्हणून नाइनचं "नाइनर" करायचं, फाइव्हचं "फाइफ", थ्रीचं "ट्री", फोरचं "फोवर". पहिल्यांदा तोंडाला विचित्र वाटतं. पण बी, डी, पी, टी कानाला सारखीच लागतात म्हणून जगाने १९५६ साली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी पक्की केली, त्यामागचं कारणही हेच.

आणि आकडे सुटेसुटे. आपण एकोणसत्तर म्हणतो, त्यात सहाही ऐकू येत नाही आणि नऊही. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. हिंदीत उनसठ, उनहत्तर, उन्यासी, तीच गत. थकलेल्या माणसाने पहाटे तीन वाजता टॉर्चच्या उजेडात पेन्सिलीने हे लिहायचं असतं. त्याच्या हाताच्या वेगाने बोल, तुझ्या जिभेच्या नाही.

आता प्रेसल स्विच, म्हणजे बोलताना दाबून धरायचं बटण. बोट दाबलं की लगेच बोलू नकोस. सेट रिसीव्हवरून ट्रान्समिटवर जायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात तोंडातून निघालेला पहिला शब्द हवेत जातच नाही. हिंदीत "मत जाओ" म्हणालास आणि "मत" कापलं गेलं, तर पलीकडे पोचलं "जाओ". मराठीत उलट. "पुढे जाऊ नका" यातला नकार शेवटी येतो, बोट लवकर सुटलं की तो गेला. म्हणून आधी बोट, मग एक श्वास, मग शब्द, आणि शेवटचा शब्द संपल्यावरच बोट उचल. नकाराचं वाक्य तर होता होईतो टाळच. "तिथेच थांबा" म्हण. अर्धं तुटलं तरी ते "जा" असं ऐकू येणार नाही.

माउथपीस ओठांजवळ धर आणि नेहमीच्या आवाजात बोल. ओरडलास की आवाज फाटतो. गोळीबारात ओरडावंसं वाटतंच, माझंही झालंय. तेव्हा बोटाने कातडी पट्टा घट्ट धरायचो आणि आवाज खाली आणायचो. तुझा आवाज हलला की त्या नेटवरच्या, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणाऱ्या, सगळ्यांचे हलतात.

सिनेमातलं "ओव्हर अँड आउट" विसर. ओव्हर म्हणजे माझं झालं, तू बोल. आउट म्हणजे संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम कसं म्हणणार? आणि ऐकू आलं नाही तर "से अगेन" म्हणायचं, "रिपीट" कधीही नाही. तोफखान्याच्या नेटवर रिपीट म्हणजे त्याच निशाण्यावर पुन्हा फायर. हे एकच जरी लक्षात ठेवलंस तरी मला रात्री झोप लागेल.

सुट्टीत आलास की स्टँडवर जाऊ. येणाऱ्या एसटीचे नंबर तू वाचायचेस, मी पाठ फिरवून लिहून घेईन. परवा फोनवर एक करून बघितलं. "माइक होटेल, वन वन" इथपर्यंत छान आलास, पुढे चार आकडे एका दमात. माझ्या कागदावर तीनच उतरलेत.